‘आजोबा आगीत आहेत का?’

प्रश्न : माझे वडील चार महिन्यांपूर्वी गेले. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आई कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती तेव्हा बाबा रोज पहाटे उठून गुडघ्यावर बसायचे. आई गेली आणि त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, मिटून कपाटावर ठेवलं ते ठेवलंच. पुढची अकरा वर्षं त्यांनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाऊल टाकलं नाही. शेवटच्या दिवशी पाळक आले. ‘प्रभूला हाक मारायची का?’ असं त्यांनी विचारलं. बाबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरासा सरकवला, ‘आता नको’ म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्याच रात्री ते गेले. अंत्यविधीनंतर एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्यांनी संधी नाकारली.’ मागच्या आठवड्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलाने झोपताना विचारलं, ‘आजोबा आता आगीत आहेत का? ती आग कधीच विझणार नाही?’ संडेस्कूलमध्ये त्याला कुणीतरी तसं सांगितलंय. मी काहीच न बोलता दिवा घालवला आणि खोलीबाहेर आले. तेव्हापासून ‘हे प्रेमळ पित्या’ हे शब्द माझ्या तोंडून फुटत नाहीत. एक तर देव प्रेमळ नाही, नाही तर नरक खरा नाही, नाही तर माझ्याच विश्वासात खोट आहे. यातलं खरं काय? माझी हिंदू मैत्रीण म्हणते, ‘आमच्यात बरं, नरकही कधीतरी संपतो.’ आणि एक विचारायचं होतं, बाबांसाठी आता प्रार्थना केलेली चालते का?

उत्तर :

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘आता नको’ या दोन शब्दांपाशी अडखळले. त्यांच्याकडे येईनच. आधी त्या नातेवाइकांचं बोलणं बाजूला काढू, कारण ते तुमच्या छातीवर बसलंय.

तुमचे बाबा कुठे आहेत हे त्यांना ठाऊक नाही. ते कुणालाच ठाऊक असू शकत नाही. कॅथलिक चर्चने शतकानुशतकं माणसांची नावं घेऊन त्यांना संत घोषित केलंय, म्हणजे अमुक माणूस देवापाशी आहे असं जाहीरपणे सांगितलंय. पण अमुक एक माणूस नरकात आहे असं त्या चर्चने अधिकृतपणे एकदाही म्हटलेलं नाही, अगदी येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दलही नाही. पोप जॉन पॉल दुसरे 28 जुलै 1999 च्या प्रवचनात नरकाबद्दल बोलले, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं, की कोण तिथे आहे हे जाणण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. तुम्ही कॅथलिक नसाल, तुमच्या पत्रावरून तसं वाटतंय. तरीही बघा, इतकी मोठी, इतकी जुनी आणि नरक मानणारी संस्था जे वाक्य उच्चारायला धजली नाही, ते एका माणसाने चार महिन्यांपूर्वी पोरक्या झालेल्या मुलीला कोपऱ्यात घेऊन ऐकवलं. ते मनावर घेऊ नका.

आता तुमच्या विश्वासातली खोट. हा प्रश्न पडणं ही खोट असती, तर फार मोठ्या माणसांमध्ये ती निघाली असती. अनंतकाळच्या शिक्षेचा सगळ्यात खंबीर पुरस्कर्ता म्हणजे बिशप आणि थोर धर्मपंडित ऑगस्टीन. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिताना त्यालाही मान्य करावं लागलं, की ही शिक्षा कधीच संपणार नाही हे मनाला न पटणारे ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत. त्याने त्यांना ‘आपल्यातले कनवाळू’ म्हटलं आणि त्यांचं म्हणणं खोडून काढलं, पण मंडळीबाहेर काढलं नाही. तुम्ही त्या कनवाळूंच्या रांगेत उभ्या आहात. ती रांग त्याच्याही आधीपासूनची आहे.

त्याच्या आधीच्याच शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, त्या रांगेत आहे. त्याचा भाऊ बेसिल वारला, आणि ते दुःख घेऊन तो थोरली बहीण मॅक्रिनाकडे गेला, तर तीही मरणशय्येवर. साल 379. त्या भेटीवर त्याने पुढे एक संवाद लिहिला. त्यात शिकवणारी बहीण आहे आणि शंका काढणारा रडवेला भाऊ तो स्वतः आहे. ती त्याला सांगते की देवाची आग सोनाराच्या आगीसारखी आहे. जळतं ते हीण, आणि ते जळताना वेदना होते कारण ते जिवाला घट्ट चिकटलेलं असतं. शेवटी दुष्टपणा उरणारच नाही, कारण तो देवाने निर्माण केलेला नाही. त्याच्याही आधी ओरिजेन या धर्मपंडिताने असंच काहीसं मांडलं होतं आणि सहाव्या शतकात, 553 च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास, ओरिजेनच्या नावावरच्या मतांचा कडक निषेध झाला. हे मी लपवत नाही. पण ग्रेगरीचा कुणी निषेध केला नाही. तो आजही संत आहे. म्हणजे तुम्हाला जे वाटतंय ते मानणारा माणूस चर्चने पूज्य ठरवलाय.

मग शास्त्राचं काय? तुम्ही शास्त्र वाचत मोठ्या झालात, म्हणून शास्त्राला वळसा घालून तुम्हाला दिलासा मिळणार नाही. येशूच्या तोंडी ज्या जागी आपण ‘नरक’ वाचतो, तिथे बहुतेक ठिकाणी मूळ शब्द आहे गेहेन्ना. तो हिब्रू ‘गे-हिन्नोम’वरून आला, म्हणजे हिन्नोमची दरी. यरुशलेमला लागून दक्षिणेला ती आजही आहे. तिथे काय होत असे, तर लोक आपली मुलं-मुली आगीत होमून टाकत. पुढे योशिया राजाने ती जागा भ्रष्ट केली, पुन्हा कुणी तिथे मूल जाळू नये म्हणून. आणि यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात देव त्या दरीबद्दल बोलतो, ते उघडून वाचा. लेकरं जाळण्याची आज्ञा मी दिली नव्हती, असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं, असं तो म्हणतो.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर तसंच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले होते. ज्या जागेवरून नरकाला नाव पडलं, त्याच जागेबद्दल देवाचं म्हणणं हे आहे. लेकरांना आगीत घालणं माझ्या मनातही आलं नाही. आणि आपण त्याच दरीचं नाव घेऊन सांगतो की तो आपली लेकरं आगीत घालणार, आणि तेही कायमची.

याचा अर्थ येशूच्या ताकिदी पोकळ आहेत असा मुळीच नाही. त्या दरीचं नाव ऐकणाऱ्याला घाम फुटत असेल, आणि फुटावा म्हणूनच तो ते घेत होता. तुम्हाला कुणीतरी मत्तयाच्या शुभवर्तमानातलं 25:46 हे वचन काढून दाखवेलच. सार्वकालिक शिक्षा, सार्वकालिक जीवन. ऑगस्टीनचा बिनतोड वाटणारा मुद्दा हाच होता, की एकाच वाक्यात एकच शब्द दोन्हींना लावलाय, तेव्हा एक अनंत आणि दुसरं संपणारं असं कसं? मुद्दा वजनदार आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण ‘सार्वकालिक’साठी तिथे असलेला ग्रीक शब्द ‘युग’ या अर्थाच्या शब्दातून आलाय. तो शब्द नुसती लांबी मोजत नाही, येणाऱ्या युगाचं, देवाच्या बाजूचं असं जे काही असेल त्याची जातही सांगतो. 1853 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातले प्राध्यापक फ्रेडरिक मॉरिस एवढंच म्हणाले, की ‘सार्वकालिक’ म्हणजे न संपणारा वेळ असं धरू नका, आणि त्यांची नोकरी गेली. आज असं म्हणणारे अभ्यासक मंडळीतच बसलेले असतात. दुसरे काही म्हणतात की शिक्षेचा परिणाम कायमचा, यातना कायमच्या नव्हेत. जे जीवनाला नाही म्हणतं ते शेवटी विझून जातं. माझं मन तिकडे ओढ घेत नाही, पण तेही शास्त्र समोर ठेवूनच बोलतात.

आणि त्याच शास्त्रात मेंढपाळ हरवलेलं मेंढरू ‘सापडेपर्यंत’ शोधतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात किती वेळ शोधायचं याला दुसरी मर्यादाच घातलेली नाही. बायबलमधलंच विलापगीत हे पुस्तक म्हणतं की प्रभू सर्वकाळ टाकून देणार नाही. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात अग्नीचं सरोवर आहे, आणि पुढच्याच अध्यायात अशी नगरी आहे जिच्या वेशी कधी बंद होत नाहीत. ही वचनं एकमेकांशी भांडतात. मला वाटतं ती भांडत ठेवली आहेत. ज्याला एकाच बाजूची पाठ आहेत, त्याने अर्धंच वाचलंय.

युक्तिवाद आणखी दोन आहेत. पहिला असा, की ज्याचा अपराध केला तो अनंत, म्हणून शिक्षाही अनंत. अकराव्या शतकाच्या शेवटी अॅन्सेल्म या धर्मपंडिताने अपराधाच्या या अनंत ऋणाचा विचार पद्धतशीर मांडला. मला तो कधीच पटला नाही. समोरचा जितका मोठा तितकं त्याला लागतं कमी आणि क्षमा जमते जास्त, असं आपण माणसांतही पाहतो. वधस्तंभावर त्या मोठ्याने ‘त्यांना क्षमा कर’ म्हटलं, हिशोब मागितला नाही. दुसरा युक्तिवाद बराच सभ्य आहे. देव कुणाला नरकात ढकलत नाही, माणूस स्वतः आतून कडी लावून घेतो. यात खरेपणा आहे. आतून कडी लावलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण तापाने फणफणलेलं मूल पाण्याचा पेला लोटून देतं तेव्हा ‘त्याची मर्जी’ म्हणून आई उठून जात नाही. दर तासाने ती परत पेला घेऊन येते. आपण देवाला आईपेक्षा लवकर दमवतो.

आता एक गोष्ट सांगते, कारण ती न सांगता पुढे गेले तर मी तुमच्याशी खरं बोलले नाही असं होईल. एकेकाळी मला नरक हवा होता. न संपणारा हवा होता. माझ्या थोरल्या बहिणीला एका माणसाने अनेक वर्षं असं वागवलं, की ती अजूनही कुणी मागून आलं तर दचकते. तिच्या डाव्या हाताची करंगळी नीट वाकत नाही. तो माणूस म्हातारा होऊन, मान घेऊन, नातवंडांच्या गराड्यात शांतपणे गेला. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, तू याला जाळलं नाहीस तर तू कसला देव. म्हणून ‘नरकबिरक काही नसतं हो’ असं कुणी सहज म्हटलं की मला अजून राग येतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या तोंडावर ते दार आपटल्यासारखं वाटतं. न्याय नाही असं देवाचं प्रेम मला नको आहे.

पण मला नेमकं काय हवं होतं, हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मला हवं होतं की त्याला कळावं. तिची करंगळी मोडली तेव्हा ती कशी ओरडली, ते त्याला तिच्या कानांनी ऐकू यावं. आपण काय केलं हे त्याला एकदा पूर्ण दिसावं, कुठलीही सबब हाताशी न राहता. त्याला नुसतं जाळत ठेवून हे होणार नाही. जळणारा माणूस स्वतःच्याच चटक्यात गुंतलेला असतो. आणि खरंच पूर्ण दिसलं, तर त्याहून भयंकर आग मला ठाऊक नाही, आणि त्यातून बाहेर पडणारा माणूस तोच उरणार नाही. उलट तो अनंतकाळ तसाच, न कळता, कडवट होऊन जळत राहिला, तर त्याचा दुष्टपणाही देवाच्या जगात कायमचा जपून ठेवला गेला. मग त्याने माझ्या बहिणीशी जे केलं ते कधीच संपलं नाही.

सातव्या शतकात निनवेचा इसहाक नावाचा साधू होता. पाच महिने बिशपपद सांभाळून ते सोडून तो एकांतात गेला. त्याने लिहिलंय की गेहेन्नात जे फटके बसतात ते प्रेमाचेच फटके आहेत. प्रेमाचा आपण घात केला हे कळण्याइतकी दुसरी यातना नाही, आणि नरकात पडलेला देवाच्या प्रेमापासून वंचित होतो असं समजणं चूक आहे. हे वाचलं आणि माझ्यापुरता गुंता सुटला.

तेव्हा तुमच्या तीन पर्यायांवर माझं मत स्पष्ट सांगते. देव प्रेमळ आहे. न्याय आणि त्याची आग खरी आहे. ज्या शिक्षेचा शेवट कुणाच्याही बरं होण्यात नाही, जी फक्त चालू राहण्यासाठी चालू राहते, ती मला प्रेमाशी जुळवता येत नाही. पुष्कळ वर्षं प्रयत्न केला, जुळली नाही. सगळे तरतील हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण सगळ्यांसाठी तशी आशा धरायची मुभा आहेच, आणि ती न धरणं मला प्रेमाविरुद्ध वाटतं.

तुमच्या मैत्रिणीलाही एक सांगा, हा पेच एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी काही जीवांसाठी कधीही न संपणारा अंधार मानलाच. उलट यहुदी परंपरेत दुष्टांची गेहेन्नातली शिक्षा बारा महिन्यांची सांगितली आहे. म्हणून आईबापांमागे म्हणायची कद्दिश ही प्रार्थना पुष्कळ जण अकरा महिनेच म्हणतात. पूर्ण बारा महिने म्हटली तर आपला बाप दुष्ट होता असं कबूल केल्यासारखं होईल. लेकरांनी बापाची बाजू अशी घेतलेली मला फार आवडते. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराला नरक दाखवतात आणि अंधारात त्याला भावांचे, द्रौपदीचे आवाज ऐकू येतात. तो दूताला म्हणतो, तू जा, मी इथेच राहतो. आणि आपल्याच भाषेत ज्ञानदेवांनी ग्रंथ संपवून देवाकडे जे मागितलं, त्यात खळांसाठी काय मागितलं? ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ राहू देत, त्यांचा वाकडेपणा गळून पडू दे. माणसाच्या मनाला इतकं सुचतं, तर ज्याने ते मन घडवलं त्याला याहून कमी सुचत असेल असं मला मानवत नाही.

आता ते दोन शब्द. तुमच्या बाबांनी मास्क सरकवला. ज्याला श्वास पुरत नाही तो मास्क काढतो तेव्हा त्याला काय मोल मोजावं लागतं, हे मी जवळून पाहिलंय. तेवढ्या श्वासात ते ‘नको’ म्हणू शकले असते. ‘नको’ छोटं आहे. ‘देवबिव काही नाही’ म्हणू शकले असते. त्यांनी ‘आता’ हा शब्द खर्च केला. मी त्याचा फार मोठा अर्थ काढत नाही, तुम्हीही काढू नका. कदाचित ते फक्त थकले होते. पण नातेवाइकांनी त्यातला ‘आता’ गाळून टाकला, तो तुम्ही परत लावून घ्या.

आणि ती अकरा वर्षं. जो माणूस पहाटे उठून बायकोसाठी गुडघे टेकत होता आणि ती गेल्यावर ज्याने शास्त्र मिटलं, तो देवाशी रुसला होता. रुसायला समोर कुणीतरी असावं लागतं. त्यांनी ते पुस्तक फेकलं नाही, कुणाला देऊनही टाकलं नाही. कपाटावर ठेवलं, जिथे रोज दिसेल. बायबलमधल्या, दुःखाने पिचलेल्या ईयोबाने देवाला याहून कितीतरी कडू ऐकवलं होतं, आणि शेवटी देव म्हणाला की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, त्याचे धर्मनिष्ठ मित्र नव्हेत.

मुलाचं मात्र थांबवू नका, आजच बोला. आठ वर्षांच्या मुलाला उपमा कळत नाही. आग म्हटली की त्याला आजोबांचे हात जळताना दिसतात. सरळ सांगा, ‘नाही, आजोबा आगीत नाहीत. आजोबा देवाच्या हातात आहेत.’ तो विचारेल, ‘तुला कसं माहीत?’ तेव्हा खोटं बोलू नका. म्हणा, ‘मी पाहिलेलं नाही. पण मी आजोबांना ओळखते, आणि देव त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतो.’ तो पुन्हा पुन्हा विचारेल, मुलं विचारतात. तितक्या वेळा तेच सांगा, आणि यावेळी दिवा घालवून बाहेर येऊ नका. संडेस्कूलच्या शिक्षिकेलाही भेटा. भांडू नका, पण स्पष्ट सांगा, की घरात नुकताच मृत्यू झालेल्या मुलापुढे हा विषय काढू नका. त्यांना बहुधा माहीतही नसेल. नातेवाइकांशी वाद घालायची गरज नाही. पुन्हा विषय निघालाच तर ‘बाबांबद्दल मला यावर बोलायचं नाही’ एवढं पुरे.

‘हे प्रेमळ पित्या’ म्हणवत नसेल तर म्हणू नका. बाबा अकरा वर्षं काहीच म्हणाले नाहीत, तुम्ही चार महिने एक शब्द सोडलात तर देवाचं काही अडत नाही. ‘तू ऐकतोस ना?’ एवढ्यावरूनही सुरुवात होते.

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही ‘एक विचारायचं होतं’ म्हणून शेवटी घातलात, पण माझ्या मते पत्र लिहिलंत ते त्यासाठीच. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करण्याची रीत सहसा नाही, आणि पाळकांनी ‘नको’ म्हटलं तर त्यांचं कारण ऐकून घ्या, ते तुमचे शत्रू नाहीत. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मात्र पहिल्या शतकांपासून ती करत आले. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, संध्याकाळी सगळी मंडळी गुडघे टेकते आणि जी प्रार्थना म्हटली जाते तिच्यात अधोलोकात अडकलेल्यांसाठीही मागणं आहे. ती प्रार्थना परंपरेने बेसिलच्या नावावर आहे, त्याच बेसिलच्या, ज्याच्यासाठी ग्रेगरी रडत बहिणीकडे गेला होता.

तेव्हा हो, चालते. आज रात्री करा. मूल झोपल्यावर कपाटावरचं ते शास्त्र खाली काढा, धूळ पुसा, आणि बाबांचं नाव घ्या.